गोदाकाठची सुरेल आतषबाजी

आमच्या गावापासून समुद्र नेमका किती लांब आहे ते मला ठाऊक नाही. लांब आहे एवढं नक्की, कारण ग्रामपंचायतीची मंडळी दोन वर्षांपूर्वी अभ्यास दौऱ्याला म्हणून कोकणात गेली तेव्हा परत आल्यावर दोन दिवस नुसती झोपून होती. कागदावर अभ्यास घनकचऱ्याचा होता. प्रत्यक्षात त्यांनी किनाऱ्यावरच्या एका गावाचा उत्सव पाहिला. संध्याकाळी वाळूवर सगळं गाव जमलं होतं, खास त्या दिवसासाठी रचलेलं संगीत लागलं होतं आणि त्या संगीताच्या तालावर आकाशात आतषबाजी चालली होती. बासरी वाजली की हिरवं फूल, ढोलावर थाप पडली की लाल. येताना मंडळी सुके मासे आणि ही कल्पना घेऊन आली. माशांचा वास आठवडाभरात गेला. कल्पना मात्र राहिली.

पारावर बैठक भरली. सरपंच आमच्याकडे बाई आहेत, पण सरपंच म्हणून हाक त्यांच्या मालकांना मारतात आणि ओसुद्धा तेच देतात. त्यांनीच विषय मांडला. "समुद्राचं काय एवढं? पाणी ते पाणी. बंधारा झाल्यापासून आपल्या गोदावरीत दिवाळीनंतर कसं काठोकाठ राह्यतं? अन् आपला किनारा तर गोड्या पाण्याचा हे. त्यांच्या किनाऱ्यावर तोंड बी धुता येत न्हाई!"

त्रिपुरी पौर्णिमेला आमच्या बायका नदीत दिवे सोडतात, त्याच संध्याकाळी "गोदा किनारा महोत्सव" करायचा असं ठरलं. कुणीतरी म्हणालं, संगीत म्हणून सिनेमाची गाणी लावू. सरपंचांना ते बिलकुल पटलं नाही. कोकणातल्या लोकांनी खास बनवून घेतलं होतं, तर आपलंही खासच पाहिजे. मग सगळ्यांच्या माना आमच्या ह्यांच्याकडे वळल्या.

आमचे हे म्हणजे माझे यजमान. तीर्थपुरीला बी-बियाणं आणि खताचं दुकान चालवतात आणि उरलेल्या वेळात पेटी वाजवतात. गावात भजन असो, बारसं असो, कुणाची एकसष्टी असो, पेटीवर हेच. इतकी वर्षं वाजवतात, पण त्यांच्या पेटीकडे लक्ष देऊन ऐकताना मी कुणाला पाहिलं नाही. पेटी चालू असली की लोकांना मोकळेपणानं बोलता येतं. तुरीला शेंगा किती धरल्या, कुणाची सोयरीक मोडली, हे सगळं ह्यांच्या पेटीच्या आडोशानं चालतं. ह्यांना त्याचं काही वाटत नाही. मला वाटतं, आणि मी ते बोलूनही दाखवते. म्हणून मला गावात "तिखट" म्हणतात.

इथं आमच्या गावच्या मानाविषयी सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. चैत्रात देवाची जत्रा असते. रात्री छबिना निघतो, म्हणजे पालखीची मिरवणूक. त्या पालखीपुढं शोभेची दारू उडवायचा मान चार घरांचा. ज्याची त्यानं दारू आणायची, ज्याची त्यानं उडवायची. पहिला मान पाटलांचा, मग बाकीच्या तिघांचा. हा क्रम कुणी लावला ते कुणाला सांगता येत नाही, पण तो मोडायचं कुणी मनातही आणत नाही. आमचं घर मेंढपाळांचं. माझे आजेसासरे मेंढरं घेऊन गोदाकाठी आले आणि इथंच राहिले. आता आमची शेती आहे, दुकान आहे, मेंढरू एकही नाही. पण गावच्या हिशोबात आम्ही अजून आलेलेच आहोत. म्हणून आम्हाला दारूचा मान नाही. आम्हाला ढोल. छबिन्याच्या अगदी शेवटी, पालखी देवळात गेल्यावर, आमच्या घरच्या माणसानं देवळापुढं ढोल वाजवायचा.

सासरे वाजवायचे. मी लग्न होऊन आले त्या पहिल्या जत्रेत मी ते पाहिलं. पालखी आत गेली तसे लोक घराकडे वळले. पुरणाची जेवणं खोळंबली होती, ते साहजिकच होतं. सासऱ्यांनी ढोल गळ्यात अडकवला तेव्हा समोर एक बैल, दोन-चार झोपाळू माणसं आणि आम्ही दोघं होतो. त्यांनी पूर्ण वाजवला. काही गाळलं नाही. घरी येताना हे मला म्हणाले, "एकदा सगळ्या गावानं बसून हा ढोल ऐकावा. शेवटापर्यंत. बास, दुसरं काही न्हाई." सासरे वारले. त्यांच्या जागी हे उभे राहू लागले. बैलसुद्धा आता ट्रॅक्टरमुळे येत नाही.

तेव्हा पारावर सगळ्यांच्या माना ह्यांच्याकडे वळल्या त्या वेळी हे लगेच हो म्हणाले, ह्याचं नवल मला वाटलं नाही. घरी आल्यावर म्हणाले, "चारी घराला एकेक वाटा देतो. अन् शेवटी ढोल."

"ढोलाला दारू कोण देईल?" मी विचारलं.

"ढोलाला दारू लागत न्हाई. लोकं थांबले म्हंजी झालं."

मला त्या क्षणापासून एकच घोर लागला. लोक थांबतील का?

महिनाभर घरात संगीत चाललं होतं. ह्यांनी कीबोर्ड आणला, मोबाइलवर कसलंसं अॅप घेतलं आणि सोयाबीनची काढणी मजुरांवर सोडून दिली. वाटे पाडल्याची बातमी मात्र गावात पसरली आणि आमच्याकडे शिष्टमंडळं येऊ लागली. पहिले पाटलांचे थोरले आले. पंचाहत्तरी ओलांडलेले, पांढरा पटका, बोलणं कमी. खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "आमच्याला सनई ठिव." झालं. दुसऱ्या दिवशी दुसरं घर दारात. "त्यांना सनई, मंग आमच्याला काय टिमकी?" त्यांना तुतारी दिली. तिसऱ्या घराला तुतारी हवी होती, ती गेली म्हटल्यावर त्यांनी क्लॅरिनेट मागून घेतलं. ते कसं वाजतं हे त्यांच्यातल्या एकालाही माहीत नव्हतं, पण नाव सनईपेक्षा मोठं होतं. चौथ्या घरानं संबळ मागितला आणि वर विचारलं, "आमचा वाटा त्यांच्यापेक्षा तोकडा तर न्हाई ना?" हे सगळ्यांना हो म्हणत होते. दुकानात बसून बसून ह्यांना नाही म्हणायची सवयच राहिली नाही. मी चहा करत होते. कोकणातल्या त्या संगीतकाराच्या बायकोला इतका चहा करावा लागला नसेल.

ढोल मात्र ह्यांनी अॅपमधला घेतला नाही. सासऱ्यांचाच ढोल काढला, त्याला ऊन दाखवलं आणि दुकानाच्या गोदामात खताच्या पोत्यांमध्ये बसून स्वतः वाजवून मोबाइलवर घेतला. पोत्यांमुळे आवाज घुमत नाही म्हणे. सबंध दुपार दुकान बंद होतं. मंठ्याहून आलेलं एक गिऱ्हाईक बाहेर पायरीवर बसून ऐकत होतं, ते शेवटी युरिया न घेताच गेलं.

आता राहिला क्रम. जत्रेत पाटील पहिले, हे ठरलेलं. पण हा उत्सव नवा. इथं पहिलं कोण? दोन बैठका ह्यात गेल्या. बाकीच्या तिघांना पिढ्यानपिढ्यांत पहिल्यांदाच पाटलांच्या पुढं जायची संधी दिसत होती आणि पाटलांना त्यांचे चेहरे दिसत होते. अखेर चिठ्ठ्या टाकायचं ठरलं. चिठ्ठी उचलायला सरपंचबाईंना बोलावलं. त्यांच्या कारकिर्दीत त्यांनी स्वतःच्या हातानं केलेलं हे पहिलं काम. चौथं घर पहिलं निघालं, पाटील शेवटी.

पाटलांचे थोरले हसले. "बराबर हे," म्हणाले, "चिठ्ठी म्हंजी देवाचा कौल." बाकीचेही हसले. सगळे इतके समजूतदार झालेले पाहून सरपंचांचे डोळे पाणावले. मला तेव्हाच कळायला हवं होतं. आमच्या गावात माणूस भांडतोय तोवर काळजी नसते.

तालीमही झाली. चार घरांच्या चार माणसांनी काठावर आपापल्या जागी उभं राहून वातीऐवजी हातातल्या बॅटऱ्या लावून दाखवल्या. संबळाला पहिली बॅटरी, क्लॅरिनेटला दुसरी, तुतारीला तिसरी, सनईला चौथी. एकही चुकला नाही. त्या दिवशी हे दोन पोळ्या जास्त जेवले.

पौर्णिमेला दिवस मावळायच्या आत सगळं गाव काठावर होतं. शेजारच्या गावांतूनही ट्रॉल्या भरून लोक आले. बंधाऱ्याकडे यायला एकच कच्चा रस्ता, दोन्ही अंगांना ऊस. वाळू अशी काठावर राहिलेली नाही, ती बांधकामांवर गेली, म्हणून सरपंचांनी दोन ब्रास वाळू विकत आणून किनाऱ्यावर पसरली होती. बायकांनी दिवे सोडले. मग पाहुण्यांचे सत्कार झाले, शाली पडल्या, नारळ फिरले. प्रमुख पाहुण्यांनी समुद्र आणि गोदावरी ह्यांची तुलना केली आणि निकाल गोदावरीच्या बाजूनं दिला. मग काठावरचे विजेचे दिवे घालवले. हे कर्ण्यांच्या टेबलापाशी उभे होते. नवा सदरा घातला होता, त्याची घडी मी इस्त्रीनं काढली होती तरी तशीच होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि बटण दाबलं.

संबळावर पहिली थाप पडली आणि चारी ठिकाणी एकदम वाती पेटल्या.

चारी! कट नव्हता. ते मागाहून कळलं. प्रत्येक घरानं रात्री आपापल्या ओसरीवर, दार लावून, स्वतंत्रपणे ठरवलं होतं की चिठ्ठी काही का म्हणेना, पहिली दारू आपलीच उडणार. आणि बाकीचे तिघं चिठ्ठी पाळणार, ह्याबद्दल प्रत्येकाची खात्री होती. संबळवाल्या चौथ्या घराला तर पहिला मान मिळालेलाच होता, पण तो सगळ्यात मोठा दिसावा म्हणून त्यांनीही सगळा माल एकाच वातीला जोडून ठेवला होता.

काय सांगू? भुईनळे, आकाशबाण, शॉटचे डबे, माळा, सगळं एकाच वेळी. सबंध संध्याकाळ पुरायची आतषबाजी दोन-तीन मिनिटांत उडाली. आकाश पांढरं झालं. उसातली डुकरं बाहेर पळाली. प्रमुख पाहुणे टेबलाखाली गेले, तिथून त्यांना शालीसकट काढलं. आणि संगीत? संगीत वाजतच होतं, पण कुणाच्या बापाला ऐकू येत नव्हतं.

मग काळोख. दाट धूर. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. "लई भारी!" "कोकणवाले काय करतेत असं?" सरपंच गहिवरून सगळ्यांना हात जोडत होते. आणि लोक उठले. कपडे झटकू लागले, पोरांना हाका मारू लागले, चपला शोधू लागले.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे टेबलाला हात लावून उभे होते. संगीत अजून क्लॅरिनेटपर्यंतसुद्धा आलं नव्हतं आणि लोक पाठ फिरवून चालले होते. मला इतका संताप आला की माइक घेऊन सगळ्यांना खाली बसा म्हणून ओरडावं असं वाटलं. मी निघालेही होते. ह्यांनी मानेनंच नको म्हटलं. तो चेहरा मी देवळापुढं पाहिला होता, सासऱ्यांचा नव्हे, त्यांच्याकडे बघणाऱ्या ह्यांचा. मला रडू आलं. खोटं कशाला सांगू, धूर होता म्हणून कुणाला दिसलं नाही.

आणि मग रस्त्याच्या तोंडाशी आरडाओरडा सुरू झाला. आधी वाटलं, आग लागली. आग नव्हती. पाटलांचा ट्रॅक्टर आणि चौथ्या घराचा ट्रॅक्टर एकाच वेळी त्या अरुंद रस्त्याला लागले होते. पहिलं कुणी जायचं? दोघांनीही बोनेट आत घातलं होतं आणि दोघांनीही किल्ली काढून खिशात टाकली होती. मागं सगळ्या ट्रॉल्या, सगळ्या मोटारसायकली, प्रमुख पाहुण्यांची गाडी. दोन्ही बाजूंना ऊस. गावाला जायची वाट बंद.

लोक चरफडत परत आले. काय करतात? खुर्च्यांवर बसले, वाळूवर बसले. धूर पाण्यावरून हळूहळू निघून चालला होता. आणि त्या शांततेत क्लॅरिनेट लागलं.

"ऐ, हे आपलं!" तिसऱ्या घराचा एक जण म्हणाला. ते सगळे एकदम गप्प झाले. इतरही झाले, पण ते गुण घ्यायला नव्हे, दोष काढायला. माझ्या शेजारी बसलेली दुसऱ्या घरची सून सारखी मोबाइलवर वेळ बघत होती. "ह्या क्लॅरिनेटवाल्यांचं लई लांब चाल्लंय, वैनी," ती मला म्हणाली. तुतारी लागली तशी तिची मान ताठ झाली. पाटलांचे थोरले कानामागे हात धरून बसले होते. सनईची पाळी येईतोवर त्यांनी तो काढला नाही, दुसऱ्याचा वाटा आपल्यापेक्षा बरा तर नाही ना, एवढ्यासाठी त्यांनी प्रत्येक सूर ऐकला. मोठमोठ्या शहरांत जाणकार श्रोते असतात म्हणे. ते इतक्या मत्सरानं ऐकत असतील असं वाटत नाही.

सनई संपली. आणि ढोल सुरू झाला.

हा कुणाच्या वाट्याचा, हे कुणाला माहीत नव्हतं. जो कुणाच्याच वाट्याचा नाही त्याच्यात खोट काढायची कशी? लोक नुसते बसून राहिले. थाप आधी लांब लांब पडते, मेंढरं चालतात तशी रेंगाळत, मग जवळ येते. ढोल शेवटापर्यंत वाजला आणि थांबला.

लगेच चौथ्या घरचे उठले. "आमचा संबळ फटाक्यात गेला. पुन्हा लावा!" ते रास्तच होतं. ह्यांनी पुन्हा पहिल्यापासून लावलं. रस्ता बंदच होता. ह्या वेळी संबळ ऐकू आला, बाकीचे वाटे पुन्हा मोजले गेले आणि पुन्हा ढोल आला. पाटलांचे थोरले उठून काठी टेकत टेबलापाशी आले. मी जवळच होते.

"हा ढोल तुझ्या बापाचा ना?" त्यांनी विचारलं.

"चाल त्यांचीच. वाजिवला मी."

"जत्रंला आमी जेवायला बसलो की ऐकू यायचा," थोरले म्हणाले. "दार उघडं ठिवायचो आमी. हा वाजला न्हाई तवरोक माझी माय पुरण वाढत नव्हती."

इतकी वर्षं आम्ही धरून चाललो होतो की कुणी ऐकत नाही. ऐकत होते. जेवता जेवता, आपापल्या घरी, दार उघडं ठेवून. ह्याचा आनंद मानावा की राग धरावा, ते मला आजही ठरवता येत नाही. त्या वेळी दोन्ही एकदमच झालं.

ढोल संपल्यावर थोरले म्हणाले, "फुडच्या साली हा आमच्या वाट्याला दे. सनईला जोडून. आमच्या दारूत चांगला उठंल." हे ऐकून तुतारीवाले पुढे आले. त्यांनाही ढोलच हवा होता. क्लॅरिनेटवाले तर अदलाबदल करायला तयार होते. सगळे ह्यांच्याभोवती जमले आणि मी मनात म्हटलं, झालं, आता हे हो म्हणणार. सगळ्यांना हो म्हणणार, आणि पुन्हा आमच्या हाती काही उरणार नाही.

"न्हाई," हे म्हणाले.

आवाज चढवला नाही. दुकानात पावती करताना बोलतात तसंच बोलले. "ढोल आमच्या घरचा हे. दुसऱ्याच्या वाट्याला देता येत न्हाई."

पाटलांच्या थोरल्यांना कुणी तोंडावर नाही म्हटलेलं गावानं पाहिलं नव्हतं. सरपंच मध्ये पडायला आले आणि परत गेले. थोरल्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "बरं मंग," ते म्हणाले, "तुझाच राहू दे. पण असा शेवटाला कामून? फुडं घेऊ. दुसरा नंबर देतो तुला."

"शेवटालाच राहू द्या, आबा," हे म्हणाले. "फक्त तवरोक बसून राहा."

तेवढ्यात रस्त्याकडून ट्रॅक्टर सुरू झाल्याचा आवाज आला. कुणी माघार घेतली ते अजून दोन्ही घरं सांगत नाहीत. वाट मोकळी झाली तसे लोक भराभर उठले, ट्रॉल्यांकडे निघाले. पाटलांचा नातू आजोबांना न्यायला आला. थोरल्यांनी त्याला थांब म्हणून हात केला, जवळची खुर्ची ओढली आणि खाली बसले.

"लाव," ते ह्यांना म्हणाले. "शेवटचं तेवढं लाव."